विश्लेषण : संक्रांतीच्या वाणात बियाण्याचे वाण का देऊ नये?

हळदीकुंकवाचे निमंत्रण आले की स्वयंपाकघरात आणखी एका प्लास्टिकच्या डब्याची भर पडणार हे ठरलेले. देणारीलाही ते माहीत असते आणि घेणारीलाही. त्यात ज्यांच्या गच्चीत, गॅलरीत किंवा परसात चार कुंड्या आहेत, ज्या पाहुण्यांकडे जाऊनही आधी तुळस बघतात, अशांना काय द्यावे हा प्रश्न दर सणाला पडतो. नर्सरीतून रोप आणावे तर ते महिनाभरात मान टाकते. महागडी कुंडी आणावी तर ठेवायला जागा नसते. अहिल्यानगर जिल्ह्यापुरते तरी याचे स्वस्त उत्तर जिल्ह्यातच आहे. ते म्हणजे कागदाच्या पुडीत बांधलेले देशी बी. मात्र कोणते बी, कधी पेरायचे आणि पुडीवर काय लिहायचे हे कळले नाही, तर ही भेटही डब्यासारखीच कपाटात पडून राहील.

वाण आणि बियाणे यांचा संबंध काय?

मराठीत ‘वाण’ हा शब्द दोन ठिकाणी रोज कानावर पडतो. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बायका एकमेकींना देतात ते वाण. आणि शेतकरी कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘कांद्याचा कोणता वाण आहे?’ असे विचारतो तो वाण, म्हणजे पिकाची जात. भाषेचे अभ्यासक या दोहोंचे नाते कसे लावतात ते बाजूला ठेवू. सणाची रीत पाहिली तर दोन्ही वाण फार लांबचे नाहीत. संक्रांतीला सुगडात काय भरतात? हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या लोंब्या, गाजराचे तुकडे, बोरे, उसाचे करवे, कुठे वालाच्या शेंगा, वर तीळ. त्या हंगामात शेतात जे उभे असते त्याचा तो नमुनाच असतो. चाळण्या, डबे आणि साबणाच्या वड्या नंतर आल्या. तेव्हा सुगडाशेजारी बियाण्याची पुडी ठेवली, तर नवे काही केले असे होत नाही.

एक बदल मात्र करण्यासारखा आहे. हळदीकुंकवाला विधवांना बोलवायचे नाही ही चाल अजून अनेक घरांत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. घराघरांत बी राखण्याचे काम आजवर बहुधा म्हाताऱ्या बायकांनीच केले आहे. बियाण्याचे वाण लुटायचे आणि त्यांनाच दारात थांबवायचे, याला काही अर्थ नाही. पुरुषांनाही द्यावे. अनेक सोसायट्यांत कुंड्यांना पाणी घालतात ते निवृत्त आजोबाच.

कोंभाळण्याची आठवण का काढायची?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई सोमा पोपेरे यांना राज्य ‘बीजमाता’ म्हणून ओळखते. महादेव कोळी समाजातल्या राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. भात, वाल, नाचणी, वरई, कडधान्ये, तेलबिया, परसातल्या भाज्या यांची जुनी बियाणी त्यांनी घरी जमवली, पेरून जिवंत ठेवली आणि वाटली. नातवंड आजारी पडले तेव्हा फवारणीच्या भाज्यांबद्दल शंका आली आणि घरच्या बियाण्याकडे वळले, असे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. ‘बायफ’ या संस्थेच्या साथीने त्या कामाला बियाणे बँकेचे रूप आले. बीबीसीच्या २०१८ च्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचे नाव होते. पुढे नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

पुरस्कारांची यादी सगळ्यांना पाठ आहे. त्यामागची गोष्ट मात्र भेट देणाऱ्याने नीट समजून घ्यावी अशी आहे. बी ही साठवून ठेवायची वस्तू नाही. कांद्याचे बी साध्या हवेत वर्षभरातच उगवणशक्ती गमावू लागते. मेथी, टोमॅटो, काकडी, भोपळा यांचे बी कोरडे ठेवले तर तीन-चार वर्षे चालते. वालासारख्या शेंगवर्गाचे बी दोन-तीन वर्षे टिकेल, पण त्याआधी भुंगेरे त्याला भोके पाडतात. थोडक्यात, एखाद्या गावात सलग काही वर्षे कोणी तो वाण पेरलाच नाही, तर तो कुठे पळून जात नाही, मडक्यातच मरतो. म्हणून बियाणे बँकेत पैशाच्या बँकेपेक्षा उलटी रीत असते. बी बाहेर गेले पाहिजे, पेरले गेले पाहिजे आणि वाढून परत आले पाहिजे. नेलेल्याच्या दुप्पट परत करावे, असा रिवाज अशा अनेक बँकांत आहे.

गच्चीतल्या दोन वेलींनी वाणाचे संवर्धन होते, असा दावा करू नये. ज्या पिकांचे परागकण मधमाश्या एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात, त्यांचा वाण खऱ्या अर्थाने राखायला बरीच झाडे लागतात. पण तेच बी वीस घरांत गेलेले असले, तर एका घरी किडले तरी दुसऱ्या घरी सापडते. एवढा उपयोग निश्चित आहे.

चकचकीत पाकीट आणून दिले तर काय बिघडते?

बिघडत काही नाही, भाजी येते. बहुतेक वेळा भरपूर येते. प्रश्न दुसऱ्या वर्षी पडतो. संकरित म्हणजे हायब्रीड बी हे दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून तयार होते. त्याच्या पहिल्या पिढीत झाडे एकसारखी आणि जोमदार असतात. त्या फळांतले बी धरून पुन्हा पेरले, तर पुढच्या पिढीत आजी-आजोबांचे गुण वेगवेगळ्या प्रमाणात बाहेर पडतात. एक टोमॅटो मोठा, दुसरा लिंबाएवढा, तिसऱ्याला फळच उशिरा. म्हणून संकरित बी दरवर्षी विकत आणावे लागते. भेट म्हणून ते एकदाच दिले जाते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘संकरित’ आणि ‘सुधारित’ हे एकच नव्हे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाले आणि तिथून भाज्यांचे अनेक सुधारित सरळ वाण आले. दुधीचा ‘सम्राट’, दोडक्याचा ‘फुले सुचेता’, कारल्याचा ‘हिरकणी’, काकडीचा ‘हिमांगी’ ही नावे नगरच्या भाजीपाला उत्पादकांना परिचयाची आहेत. सरळ वाणाचे बी नीट धरले तर पुढच्या वर्षी पेरता येते. तेव्हा गावाकडचे देशी बी मिळाले नाही, तर विद्यापीठाच्या विक्री केंद्रावरून सरळ वाण आणावा. दुकानातून घेताना पाकिटावर ‘संकरित’, ‘हायब्रीड’ किंवा ‘एफ-१’ लिहिले आहे का ते बघावे. ‘देशी’ हा शब्द पाकिटावर कोणीही छापतो.

संक्रांतीला दिलेले कोणते बी लगेच पेरता येते?

जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७ हजार चौरस किलोमीटरहून जास्त आहे, राज्यात सर्वाधिक. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीत पावसाळ्यात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि पूर्वेकडचे तालुके पर्जन्यछायेत टँकरची वाट बघतात. त्यामुळे ‘नगरला हे लावा’ असा एकच सल्ला देता येत नाही. तरी जानेवारीपुरते काही सांगता येते.

या दिवसांत नगरचे रात्रीचे तापमान अनेकदा एक आकडी होते. मेथी, पालक, मुळा आणि कोथिंबीर यांना ही थंडी चालते. मेथी चार-पाच दिवसांत उगवते, म्हणून पहिल्यांदा कुंडी हाताळणाऱ्याला आणि लहान मुलांना हीच द्यावी. कोथिंबिरीला दहा-बारा दिवस लागतात, अनेक जण तोवर माती उकरून बघतात आणि घात करतात. धणे पेरण्यापूर्वी हलके रगडून दोन फाका कराव्यात आणि रात्रभर भिजवावेत. मार्चचे ऊन लागले की कोथिंबीर फुलावर येते. तेव्हा ती उपटू नये, फुले मधमाश्यांना आवडतात आणि पुढचे धणेही घरचेच मिळतात.

भेंडी, गवार, दुधी, दोडका, कारले, काकडी यांचे बी थंड मातीत नुसते पडून राहते आणि कुजते. त्यांना ऊब लागते. संक्रांतीला पुडी मिळाली तरी फेब्रुवारी उजाडेपर्यंत थांबावे. जुन्या लोकांचा रथसप्तमीनंतर ऊन तापते हा अनुभव इथे उपयोगी पडतो. दुधीच्या एका वेलीला निदान पंधरा-वीस लिटर मातीचा डबा लागतो, भेंडीच्या झाडाला दहा लिटरचा. पुडीत पन्नास बिया भरून देण्यात शहाणपण नाही. दुधीच्या चार, भेंडीच्या पंधरा, मेथीची मूठभर, एवढे एका घराला पुष्कळ झाले.

आता वाल. अकोल्याच्या पट्ट्यात वाल-घेवड्याचे रंगाने, आकाराने वेगवेगळे कितीतरी प्रकार आढळतात. पुडीत बांधले की दिसायलाही सुंदर. पण हाच वाल जानेवारीत हौसेने पेरला तर निराशा होते. वेलीचे पारंपरिक वाल दिवस लहान होऊ लागल्यावर फुलावर येतात. जानेवारीत लावलेला वेल उन्हाळाभर पाणी पिऊन नुसती पाने वाढवतो आणि शेंगा पुढच्या थंडीतच धरतो. ‘देशी बी म्हणून दिले, पण शेंगच आली नाही’ अशी तक्रार होते त्यातली बरीच प्रकरणे अशी असतात. वालाच्या पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहावे : ‘मृगाच्या पावसात पेरा, तोवर राखेत ठेवा.’

पुढे स्वतः बी धरायचे असेल त्यांनी सुरुवात कुठून करावी?

वाल, वाटाणा, मेथी, टोमॅटो यांच्यापासून. या पिकांत फुलाचे परागीभवन बहुतांशी त्याच फुलात होते, त्यामुळे शेजारच्या गच्चीत दुसरा वाण असला तरी भेसळ फारशी होत नाही. भेंडीत थोडी होते, मिरचीत त्याहून अधिक. वेलभाज्यांत नर आणि मादी फुले वेगळी असतात, मधमाशी कुठून काय आणेल सांगता येत नाही. दुधी आणि लाल भोपळा शेजारी लावले म्हणून त्यांचा संकर होत नाही, त्या वेगळ्या प्रजाती आहेत. पण दोन प्रकारचे दुधी जवळ असतील तर पुढच्या वर्षी तिसराच दुधी निघू शकतो. ज्यांना हौस आहे ते नर फूल तोडून मादी फुलावर हाताने फिरवतात आणि फुलाला दोरा बांधून ठेवतात. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात, कारल्या-काकडीची सकाळी, एवढे लक्षात ठेवावे.

बियांसाठी ठेवायचे फळ पहिल्या बहरातले, चांगल्या वेलीवरचे आणि पूर्ण जून झालेले हवे. घरात नेमके उलटे होते. चांगली फळे भाजीत जातात, आणि वेल संपत आला की शेवटचे वाकडे-तिकडे फळ बियांना राहते.

पुडी कशी बांधावी?

कागदाची. प्लास्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी धरते. सावलीत चांगले वाळवलेले बी, त्यात चमचाभर चाळलेली राख, म्हणजे कीड लागत नाही. पुडीवर पाच गोष्टी हाताने लिहाव्यात : पिकाचे नाव, बी कोणत्या गावचे, कोणत्या वर्षीचे, कधी पेरायचे आणि वेल की झाड. गावाचे नाव टाळू नये. ‘घेवडा’ म्हटले की नगरमध्ये एक वस्तू समोर येते, कोकणात दुसरी.

वाटण्यापूर्वी आठवडाभर आधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून उबदार जागी ठेवाव्यात. सात-आठ उगवल्या तर बी द्यायला हरकत नाही. चारच उगवल्या तर दुप्पट बी द्यावे आणि तसे सांगावे. पाहुण्यांची संख्या चाळीस-पन्नासच्या घरात असेल आणि गावाकडून एवढे बी येणार नसेल, तर किराणा दुकानातली मेथी आणि अख्खे धणेही चालतात. मेथी बहुतेक उगवतेच, धण्यांची खात्री नसते, म्हणून चाचणी आधी.

आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. दुकानातल्या अनेक बियांना बुरशीनाशक चोळलेले असते, त्या गुलाबी, हिरव्या किंवा निळ्या दिसतात. असे बी सुट्या पुडीत बांधून तिळगुळाशेजारी मुळीच ठेवू नये. संक्रांतीच्या ताटातले रंगीत दाणे लहान मूल हलवा समजून तोंडात टाकते. रंगवलेले बी द्यायचेच असेल तर मूळ पाकिटात द्यावे. त्यावरची तारीखही बघावी. बियाणे चाचणीच्या तारखेपासून नऊ महिने हा त्याच्या वैधतेचा काळ असतो आणि जुना माल सणाच्या सुमारास स्वस्तात काढला जातो.

घरचे बी असे वाटणे कायद्यात बसते का?

बसते. बियाणे कायदा १९६६ च्या कलम २४ नुसार, एखाद्याने स्वतः पिकवलेले बी स्वतःच्याच जागेत दुसऱ्याला पेरण्यासाठी थेट दिले किंवा विकले, तर त्याला त्या कायद्याच्या अटी लागू होत नाहीत. हळदीकुंकू घरीच असते, तेव्हा चिंतेचे कारण नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चे कलम ३९ शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, अदलाबदलीचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क देते. बंधन एवढेच की संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या नावाने, लेबल लावून विकता येत नाही. ‘अमुक ताईंचे देशी सीड्स’ असे छापील पाकीट काढून बाजारात विकायला बसायचे असेल तर मात्र परवान्याचा विषय येतो.

अपवाद खसखशीचा. स्वयंपाकघरातली खसखस कुंडीत टाकून बघण्याचा मोह काहींना होतो. ते अफूचे झाड आहे आणि परवान्याशिवाय लावणे गुन्हा आहे.

बागेत मुरलेल्यांना बियांशिवाय काय द्यावे?

ज्यांच्याकडे आधीच पन्नास कुंड्या आहेत, त्यांना हाताला येईल असे काहीतरी द्यावे. पारदर्शक डब्यात पाच रंगीत अवजारांचा संच मिळतो तो देऊ नये. नगरची काळी माती सुकली की दगड होते, त्यात तो पत्रा पहिल्याच घावाला वाकतो. त्यापेक्षा आठवडी बाजारात किंवा रस्त्याकडेला भाता मांडून बसणाऱ्या घिसाडी कारागिराकडून कमानपाट्याचे खुरपे घडवून घ्यावे. ट्रकच्या कमानीच्या पोलादाला धार टिकते. मूठ घेणाऱ्याच्या हाताच्या मापाची सांगावी, वयस्कर माणसाला थोडी जाड. फांद्या छाटायची सिकेटर कात्री ही दुसरी चांगली वस्तू. बागवाले ती स्वतःसाठी घेत नाहीत, वर्षानुवर्षे स्वयंपाकघरातल्या कात्रीने फांद्या चिरडत राहतात.

तिसरी वस्तू सर्वांत स्वस्त आणि नगरच्या उन्हाळ्यासाठी सर्वांत कामाची आहे : मडके. न रंगवलेले, भाजलेल्या मातीचे, लिटर-दोन लिटरचे मडके मोठ्या कुंडीत किंवा वाफ्यात गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे आणि वर झाकणी ठेवायची. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, मुळे तिकडे वळतात आणि वरची माती कोरडी राहिल्याने बाष्पीभवन कमी होते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात ही पद्धत वर्णन केलेली आहे. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या भागात, किंवा मे महिन्यात आठ दिवस गावाला जाणाऱ्या घरात ती कुंड्या वाचवते. रंग दिलेले शोभेचे मडके मात्र उपयोगाचे नाही, रंगाने छिद्रे बुजतात.

संक्रांतीनंतर सुगडे कुठे ठेवायची हा प्रश्नही याच वाटेने सुटतो. सुगड रात्रभर पाण्यात भिजवून बुडाला खिळ्याने हलक्या हाताने भोक पाडले की मिरची-टोमॅटोच्या एका रोपाची कुंडी तयार होते. दहातली दोन-तीन फुटतात. त्यांचे तुकडे मोठ्या कुंडीच्या बुडाशी घालायला येतात.

म्हणजे रोप भेट देऊच नये का?

द्यावे, पण घेणाऱ्याचे घर आणि पाणी बघून. सणाच्या दिवसांत हमखास खपणारा ‘लकी बांबू’ हा बांबू नाहीच, ते आफ्रिकेतले ड्रसिना जातीचे झाड आहे. त्याला क्षार सोसत नाहीत. जिल्ह्यात कित्येक घरांत बोअरचे पाणी वापरतात आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो तो त्या क्षारांचाच. अशा पाण्यात लकी बांबूच्या पानांची टोके जळतात आणि घरातल्यांना वाटते आपलाच हात लागू पडत नाही. हातात तसा काही दोष नसतो. दुकानदाराने पाण्याबद्दल एक वाक्य सांगायला हवे होते.

कोरफड, सदाफुली, अडुळसा, गवती चहा, कढीपत्ता ही रोपे ऊन आणि अनियमित पाणी बऱ्यापैकी सोसतात. फुलझाडांत मोगरा द्यावा, तो उन्हाळ्यातच फुलतो. अंगण असलेल्या घराला कागदी लिंबू ही मोठी भेट आहे. श्रीगोंद्याच्या लिंबाचे नाव राज्यभर आहे आणि राहुरी विद्यापीठाचे ‘साई सरबती’ व ‘फुले सरबती’ हे वाणही आहेत. मोठ्या कुंडीतही लिंबू येते, मात्र कुंडी अठरा-वीस इंचांची हवी आणि फळासाठी तीन-चार वर्षे धीर हवा. साठीच्या वाढदिवसाला, निवृत्तीला, नव्या घराला लिंबाचे रोप द्यावे. हळदीकुंकवाच्या गर्दीत ते देऊ नये, कारण घेणारीला रिक्षातून सांभाळत न्यावे लागते.

रोपासोबत पाच किलो गांडूळखताची पिशवी दिली तर रोप एकटे दिल्यापेक्षा जगण्याची शक्यता वाढते. ‘खत काय भेट द्यायची वस्तू आहे?’ असे ज्यांना वाटते त्यांनी ते एखाद्या खऱ्या बागवाल्याच्या हाती देऊन त्याचा चेहरा बघावा.

परदेशातल्या मुलांना, पुतण्यांना बी पाठवता येईल का?

सुट्टीला आलेल्या सुनेच्या बॅगेत आजी हळूच मेथी, दुधी आणि वालाची पुडी सरकवते, हे दृश्य नगर-संगमनेरच्या अनेक घरांत दिसते. ते टाळावे. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, युरोप अशा बहुतेक ठिकाणी पेरणीचे बी नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र किंवा परवानगी लागते. विमानतळावर बी जाहीर केले नाही तर जप्ती आणि दंड दोन्ही होतात. बियांबरोबर किडीची अंडी आणि रोगाचे जंतू प्रवास करतात म्हणून हे नियम आहेत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या हजारो घरांत न मागवलेली बियांची पाकिटे टपालाने आली, तेव्हा तिथल्या कृषी खात्याने ती पेरू नका, आमच्याकडे जमा करा, असे सांगितले होते. कुंडीतली माती आणि जिवंत रोप यांचा तर विचारच करू नये.

त्यांना बियांऐवजी माहिती पाठवावी. मेथी, भेंडी, दुधी, कारले यांचे बी तिथल्या भारतीय दुकानांत आणि बियाणे कंपन्यांकडे मिळते. वालाची जांभळ्या फुलांची आणि जांभळ्या शेंगांची जात तर तिकडे ‘हायसिंथ बीन’ या नावाने कुंपणावर चढवायची शोभेची वेल म्हणून विकली जाते. कोंभाळण्यात ज्या वालाची बियाणे बँक होते, त्याचा भाऊबंद तिकडे फुलांसाठी लावतात. घरच्या वालाची आजीने करून दाखवलेली कृती, पेरणीची वेळ आणि शेंग कधी खुडायची हे व्हिडीओ करून पाठवले, तर ती पुडी कुठल्याही विमानतळावर अडत नाही.